तुलाही अडकताना दिसतंय का?

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी काका टेबलाभोवती एक फेरी मारत. टेबल भिंतीला टेकलेलं होतं, त्यामुळे फेरी कधी पूर्ण व्हायची नाही. या बाजूने भिंतीपर्यंत जायचं, मागे फिरायचं, त्या बाजूने भिंतीपर्यंत जायचं. मग वाकून टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर बोटांच्या पेरांनी दोन-तीन ठोके. हायवेवरच्या ढाब्याबाहेर ट्रकवाले टायरमध्ये हवा आहे की नाही ते असंच सळईने ठोकून बघतात, तुम्हीही पाहिलं असेल. त्याच कानाने ते त्या डब्याचा आवाज ऐकत. समाधान झालं की म्हणत, "हाऊ." हाऊ म्हणजे अहिराणीत हो. मगच बटण दाबायचं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. "काका, याला टायर नाहीत," मी म्हटलं.

"नसू दे. सवयीला आहेत ना!"

सुरतेत, उधन्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते आमच्या अगदी वरच्याच मजल्यावर राहायचे. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे. त्यांचं नाव फक्त लाइटबिलावर होतं. आम्ही मूळचे अकोल्याकडचे, माझे वडील लूमवर काम करायला इथे आले आणि इथलेच झाले. मी डिजिटल प्रिंटच्या एका ऑफिसात साड्यांची डिझाइनं करते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, तेवढ्या भांडवलावर बिल्डिंगने मला मशीनची डॉक्टर ठरवून टाकलं आहे. कोणाचा फोन अडला तरी माझ्याकडे, टीव्हीचा रिमोट चालेना तरी माझ्याकडे.

काका साक्रीकडचे. सुरतेतून कापडाच्या गाठी भरायच्या आणि धुळे, नागपूर, कधी रायपूरपर्यंत जायचं, यात त्यांची सगळी उमर गेली. मग एक दिवस कडोदऱ्याला गोडाउनसमोर गाडी लावून ते उतरायला गेले, आणि डावा पाय जमिनीला टेकल्याचं त्यांना कळलंच नाही. लकवा मारला होता. त्याबद्दलही ते कधी कडवट बोलले नाहीत. "शहाणा अटॅक होता," म्हणायचे, "आधी गाडी बाजूला लावू दिली त्याने."

पाय हळूहळू परतला. हात परतेना. "गिअरचा हात गेला," असं ते सांगायचे. दुसरा कोणी डावा हात म्हणाला असता. आपल्याकडच्या ट्रकात स्टिअरिंग उजव्या हातात आणि गिअर डाव्यात, म्हणून त्यांच्या दोन हातांची नावंच ती होती.

त्यांचा मुलगा वडोदऱ्याला एका कंपनीत आहे. त्याने स्वतःला नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना इकडे आणून दिला. सोबत कुठून तरी वापरलेलं एक स्टिअरिंग, पायाखालची पेडलं आणि गिअरचा दांडा मिळवला, टेबलाला आवळून बसवला, आणि त्यात ट्रक चालवायचा एक गेम टाकला. गेम परदेशी, पण याने त्यात आपल्याकडचे रस्ते आणि आपल्याकडच्या गाड्याही घातल्या. काका पहिल्या दिवशी म्हणाले, "हे लहान पोरांचं." दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उठल्या तर हे खुर्चीत बसून पेडलांची उंची पायाने चाचपत होते.

डाव्या हाताला मूठ धरवत नव्हती. काकूंनी एका साडीच्या काठाची मऊ पट्टी काढली आणि त्यांचा तळवा गिअरच्या मुठीला बांधून दिला. काही महिन्यांनी पट्टी सैल बांधली तरी चालू लागलं, मग लागेनाशीच झाली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी दिलेला चेंडू राहू दे, तुम्ही हेच करा."

ते चालवायचे कसं, तेही सांगायला हवं. रिकाम्या चौकात लाल दिवा लागला तर थांबायचे. समोरून ट्रक आला की स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करायचे, जणू समोरचाही घरून डबा घेऊन निघालेला खरा ड्रायव्हर आहे. गेममध्ये गावांची नावं वेगळी, पण ती त्यांना मान्य नव्हती. "हा आपला सोनगडचा पट्टा," म्हणायचे. "पुढे उजवीकडे पाणी चांगलं मिळतं." काकूंनी चहा आणला की गाडी कडेला घ्यायची, हँडब्रेक ओढायचा आणि मगच कपाला हात. चालत्या गाडीत चहा नाही. आणि कोणी जिन्यातून धावत गेलं, कुकरच्या शिट्टीला दचकून उठलं, मी ऑफिसला उशीर झाला म्हणून चप्पल हातात घेऊन पळाले, की वरून ठरलेला प्रश्न यायचा: "घाई कसाले?" घाई कशाला.

"जगाला सांगतात घाई कसाले," काकू म्हणायच्या, "आणि स्वतः नागपूर ते सुरत एका दमात."

काकू दाराजवळ जमिनीवर बसून साड्यांचे धागे कापायच्या. शेठचा माणूस गठ्ठा टाकून जायचा. भरतकामाच्या मागे लोंबणारे धागे छोट्या कातरीने कापून साड्या घडी करून परत द्यायच्या, असं ते काम. त्या नेहमी स्क्रीनकडे पाठ करून बसत. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्ही कधी बघत नाही?"

"त्यात काय बघायचं माय? गाडीच आहे."

पण इंजिनाचा आवाज चढला की त्यांची कातर थांबायची. आवाज उतरला की पुन्हा सुरू व्हायची.

होळीच्या आसपास एका रविवारी काकांनी गॅलरीतून हाक मारली. "पोरी, जरा वर ये. घाई नाही."

घाई नाही हे ते रोजच म्हणायचे, पण त्या दिवशी आवाज वेगळा होता. मी गेले. काकू साड्या पोचवायला बाहेर गेल्या होत्या. काकांनी मला खुर्चीच्या मागे उभं केलं, गाडी सुरू केली आणि रस्त्यावर आणली.

"बघ," म्हणाले. "काही बोलू नको. नुसतं बघ."

झाडं सरकायची, थांबायची, एकदम पुढे यायची. पांढऱ्या पट्ट्या तुटक तुटक उड्या मारत होत्या. स्टिअरिंग वळवलं की गाडी एका श्वासाने उशिरा वळत होती. दोन-तीन वळणं झाली. त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुलाही अडकताना दिसतंय का?"

"हो काका. फार अडकतंय."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला आधी कळेना काय झालं. मग ते हसायला लागले. हसता हसता उजव्या हाताने डोळे पुसले. "म्हणजे मशीन आहे. मशीनच आहे. मला वाटलं, डोकं पुन्हा गेलं. मागच्या खेपेलाही आधी असंच झालं होतं, रस्ता तुटक दिसायचा. चार दिवस झाले, हिला सांगितलं नाही."

चार दिवस तो माणूस कॉम्प्युटरसमोर बसून स्वतःचा मेंदू तपासत होता.

मशीन असेल तर मशीन दुरुस्त होतं, असं मी मोठ्या रुबाबात म्हटलं आणि कामाला लागले. दोष कुठे आहे ते लवकरच दिसलं. कॉम्प्युटरमध्ये चित्र काढायचं काम करणारं एक वेगळं कार्ड असतं. त्याचा स्वतःचा एक वेग असतो, क्लॉक स्पीड म्हणतात त्याला. काम नसलं की ते संथ बसून राहतं, काम आलं की उठून पळतं. वेग दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लावला. ट्रक चालू केला की आकडा तीनशेवरून सतराशेच्या पुढे जायला हवा होता. तो तीनशेवरच. रस्ता, पाऊस, समोरून येणाऱ्या गाड्या, काहीही अंगावर पडलं तरी तीनशे. काकांनी चष्मा सावरून आकडा पाहिला. "पहिल्या गिअरमध्येच आहे म्हणजे."

पहिला संशय गरम होण्याचा. कार्ड तापलं की स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. डबा उघडला तर पंख्यात लव अडकलेली. आमच्या सुरतेत घरातली धूळही रंगीत असते. त्या पंख्यातून राणी रंगाची, पोपटी, आणि अधूनमधून जरीची चमक असलेली लव निघाली. तोवर काकू परत येऊन कामाला बसल्या होत्या. त्यांची कातर थांबली. "माझ्या धाग्यांनी झालं का गं?" त्यांनी विचारलं. आवाजात एक विचित्र आशा होती, ती मला तेव्हा ऐकू आली नाही. ब्रशने सगळं साफ केलं. पंखा गरगर फिरला. आकडा तीनशे. आणि कार्ड मुळात गरम नव्हतंच, हाताला कोमट लागत होतं.

मग वीज. कार्डाला वेगळी वायर जाते, ती काढून पुन्हा घट्ट बसवली. काका टॉर्च धरायचे, मुद्दाम डाव्या हातात. उजेड थरथरायचा आणि तो योग्य जागी येईपर्यंत मी स्क्रू धरून बसायचे. मग वीज वाचवायची सेटिंग्ज सगळी बंद केली. मग कार्डाचं जे सॉफ्टवेअर असतं, ड्रायव्हर म्हणतात त्याला, ते पूर्ण काढून नवीन टाकलं.

"काय काढलं म्हणालीस?"

"ड्रायव्हर, काका."

"काढा, काढा. आम्हाला सवय आहे."

नव्या ड्रायव्हरनेही आकडा हलला नाही.

मग मी ते कार्ड काढून साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि मोपेडवर ऑफिसला नेलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या मशीनमध्ये बसवलं. सुरू करताच सतराशेच्या वर! मी खुर्चीतून ओरडलेच. शेजारचा डिझायनर म्हणाला, "शुं थयुं?" त्याला काय झालं ते काय सांगणार! संध्याकाळी कार्ड परत आणून लावलं. तीनशे.

काकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माहेरी नीट वागते, सासरीच रुसते."

ओळखीच्या दुकानातून वीज पुरवणारा डबा उसना आणून लावून पाहिला. काही नाही. "दादाला फोन करू या का?" मी विचारलं. दादा म्हणजे त्यांचा मुलगा. मशीन त्याचंच, त्याला आतलं माहीत असणार.

"त्याला नको," काकू पटकन म्हणाल्या. "कामात असतो तो."

काकांनीही मान हलवली. "म्हातारा मशीन मोडून बसला म्हणेल."

हे सगळं व्हायला काही आठवडे गेले. मला ऑफिसातून सवड मिळेल तेव्हा तासभर वर जायचं, एक गोष्ट करून बघायची, आणि उद्या दुसरी बघू म्हणून खाली यायचं. मला ते कोडं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात मजाही येत होती. वरच्या घरात काय चाललं आहे ते माझ्या उशिरा लक्षात आलं. काकांनी चालवणं सोडलं होतं. ते गॅलरीत बसून राहायचे. डावा हात मांडीवर, अंगठा मुठीच्या आत. व्यायामाच्या बाईंनी बोटं सोडवायला घेतली तर ती पुन्हा पहिल्यासारखी ताठ लागली.

एका संध्याकाळी मी म्हटलं, "काका, कार्ड चांगलं, वायर चांगली, वीज चांगली. कुठे तरी सापडेलच."

ते रस्त्याकडे बघत होते. "सगळं चांगलं," म्हणाले. "मग वाईट काय उरलं?" आणि थोड्या वेळाने हळूच, "पोरी, तुला त्या दिवशी खरंच अडकताना दिसलं होतं ना? का माझं मन राखलंस?"

मी शपथ घेतली. आकडा पुन्हा दाखवला. ते "हाऊ, हाऊ" म्हणाले, पण लहान मुलाने दाखवलेलं चित्र बघून म्हणतात तसं.

जिन्यात काकू भेटल्या, डोक्यावर साड्यांचा गठ्ठा. मी त्यांना थांबवून सगळं सांगून टाकलं. म्हटलं, काकू, त्यांना एकदा डॉक्टरकडे नेऊन आणा. रस्ता अडकताना दिसला तेव्हा त्यांना वाटलं की पुन्हा अटॅक येतोय, चार दिवस कोणाला बोलले नाहीत, आणि आता मशीनमध्ये दोष सापडत नाही म्हणून पुन्हा तेच धरून बसले आहेत.

काकूंनी गठ्ठा उतरवला आणि पायरीवर बसल्या. मी ऑफिसच्या फोनसाठी खाली पळाले. त्या दिवशी वरून घाई कसाले आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात आल्या. आईने चहा विचारला तर नको म्हणाल्या. मला गॅलरीत घेऊन गेल्या.

"मी करायला लावलं ते," म्हणाल्या.

"काय, काकू?"

"मशीन हळू. मी मुलाला सांगितलं, यांची गाडी हळू कर." त्या पदर बोटाला गुंडाळत होत्या. "दिवाळीनंतर एकदा त्या खेळात गाडी उलटली. पाऊस होता त्यात, वळणावर गेली. मोठा आवाज झाला म्हणून मी मागे वळले. स्क्रीनवर चाकं वर. आणि हे घामाने भिजलेले. जेवले नाहीत त्या दिवशी. मला म्हणाले, खेळ आहे. मला कळतं ना माय खेळ आहे. पण चाकं वर दिसली मला."

पूर्वी एकदा कोंडाईबारीच्या घाटात काकांची खरी गाडी उलटली होती, एवढं मला माहीत होतं. ते त्याची गंमत करून सांगायचे.

मुलाने आधी गेममधलीच वेगाची मर्यादा लावून दिली होती. ती काकांनी दिवसभरात शोधून काढून टाकली, वर विचारलं, "कोणत्या शेठने गव्हर्नर बसवला रे?" ट्रकचा वेग बांधणाऱ्या यंत्राला गव्हर्नर म्हणतात. मग काकू मुलाला म्हणाल्या, असं आतून कर की यांना सापडणार नाही. मुलगा म्हणाला, आई, चित्र अडकत चालेल. या म्हणाल्या, अडकू दे, कंटाळून हळू चालवतील. त्याने वडोदऱ्यात बसून, इंटरनेटवरून या मशीनमध्ये शिरून, कार्डाचा वेगच बांधून टाकला.

"तू रोज यायचीस," काकू म्हणाल्या. "रोज वाटायचं, आज हिला सापडेल, मला सांगावं लागणार नाही. पण त्यांना स्वतःवरच शंका आली असेल, हे माझ्या मनातसुद्धा नव्हतं गं." मग सरळ उभ्या राहिल्या. "तू नीट कर. त्यांना मी सांगते."

मी मुलाला फोन लावला. तो आधी हसला, मग मी बाकीचं सांगितल्यावर हसायचा थांबला. "आईने शपथ घातली होती," एवढंच म्हणाला. मशीन सुरू होताच आपोआप चालणारी एक छोटी आज्ञा त्याने आत लपवली होती. कार्डाला दर वेळी तीच सांगायची, तीनशेच्या वर जायचं नाही. म्हणून मी ड्रायव्हर बदलला तरी फरक पडेना, आणि ऑफिसच्या मशीनमध्ये ती आज्ञा नव्हती म्हणून कार्ड तिथे मोकळं पळालं. आज्ञा कुठे आहे ते त्याने सांगितलं. मी वर जाऊन ती पुसली.

काका खुर्चीत बसायला तयार नव्हते. "तूच बघ," म्हणाले. मी म्हटलं, मला क्लच येत नाही. मग बसले. गाडी सुरू झाली, रस्त्यावर आली. आकडा उठला, आठशे, बाराशे, सतराशेच्या पुढे. झाडं पाण्यासारखी वाहायला लागली. काकांच्या खांद्यांतून काही तरी उतरून गेलेलं मागून दिसलं. बराच रस्ता मागे पडल्यावर त्यांनी विचारलं.

"काय खराबी निघाली?"

"सेटिंग होतं काका, आतलं."

"कोणी केलं?"

मागची कातर थांबली. "मी," काकू म्हणाल्या.

काकांनी लगेच वळून पाहिलं नाही. आधी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मग खुर्ची फिरवली. ती दोघं आपसात अहिराणीतच बोलत. मी आपल्या मराठीत सांगते.

"तू?"

"हो."

"कशाला?"

"घाटात गाडी उलटली तेव्हा तुम्ही जिवंत आहात हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं," काकू म्हणाल्या. नजर हातातल्या साडीवर होती. "तेव्हापासून ट्रकचा आवाज चढला की माझी कातर चालत नाही. तुम्ही आजारी पडलात तेव्हा सगळे रडत होते, मीही रडले. पण आतून वाटलं, सुटले. आता रोज घरी असतील. मग मुलाने ट्रक घरातच आणून उभा केला."

"मग बोलायचं होतं."

"आयुष्यभर बोलले. तुम्ही केबिनमध्ये होता. ऐकू कुठे येणार?"

मला तिथून निघायचं होतं, पण वाट दोघांच्या मधून होती. काका आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

"मला वाटलं, पुन्हा डोकं गेलं," ते म्हणाले.

"हिने सांगितलं मला काल." काकूंचा आवाज फुटला. "मला माहीत असतं तर मी त्याच दिवशी..."

काकांनी मला गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची आणायला सांगितलं. आपल्या डाव्या बाजूला ठेवून घेतली, केबिनमध्ये दुसऱ्या माणसाची जागा असते तिथे. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आठे बठ." इथे बस.

"मला काम आहे."

"काम घेऊन बस."

काकू साडी मांडीवर घेऊन बसल्या. खुर्चीच्या अगदी कडेला, एसटीत तिकीट काढायचं राहिलेल्या बाईसारख्या.

"किती पळवू, सांग."

"चाळीस."

"चाळीसने मागचे शिव्या देतील."

"देऊ द्या. त्यांना काय घाई आहे?"

ते हसले. चाळीसने निघाले. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा काकूंनी दचकून मागे, भिंतीकडे वळून पाहिलं. मी तेवढ्यात निसटले.

लग्नानंतर इतक्या वर्षांत काकू त्यांच्या ट्रकात एकदाही बसल्या नव्हत्या. बायकांना गाडीत घ्यायचं नाही, असा मालकाचा नियम होता. आता त्या रोज दुपारी बसू लागल्या. इकडचं गाव कोणतं, त्या शेतात काय लावलंय, तो माणूस उन्हात का उभा आहे, असं विचारायच्या आणि काका बेधडक उत्तरं द्यायचे. "ज्वारी." "सासरा यायचाय त्याचा." वळण आलं की काकू त्यांच्या आधी "हॉर्न" म्हणायच्या. काही महिन्यांनी मी वर गेले तर दोघं मिळून साडीची घडी घालत होते; दोन टोकं काकूंच्या हातात, दोन काकांच्या. डाव्या हाताच्या चिमटीतून काठ निसटायचा, ते पुन्हा धरायचे. घडी जरा तिरकी पडायची. शेठच्या माणसाने कधी तक्रार केली नाही.

काकू साड्या पोचवायला गेल्या की मात्र वरून इंजिनाचा आवाज बराच चढायचा. मी खालच्याच मजल्यावर, मला सगळं ऐकू यायचं. मी कोणाला काही बोलले नाही.

गेल्या थंडीत ते गेले. दुपारी जेवून पडले होते, झोपेतच. सगळं साक्रीला गावी झालं. काकू परत आल्या त्या सामान बांधायलाच. मुलगा त्यांना वडोदऱ्याला नेणार होता. भांडी खोक्यांत गेली, गाद्या बांधून झाल्या. कॉम्प्युटरचं स्टिअरिंग काढायला मला बोलावलं होतं. मी पाना घेऊन वाकले तेव्हा काकू म्हणाल्या, "थांब. आधी एकदा चालू करून दे."

मी सुरू केलं. गेम शेवटी जिथे सोडला होता तिथे उघडला. दिवसाची वेळ होती. रस्त्याच्या कडेला एक मोकळी जागा, दोन झाडं, आणि त्यांच्या सावलीत ट्रक उभा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकं सरळ. मागच्या रस्त्यावरून अधूनमधून गाड्या जात होत्या.

काकू प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, आपल्या जागी. स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"जेवायला उतरलेत असं वाटतं," म्हणाल्या.

मी विचारलं, "काकू, थोडी चालवून बघता? मी दाखवते."

"नको माय. नीट सावलीत लावली आहे त्यांनी."

मी पाना तिथेच टेबलावर ठेवला आणि दार लोटून खाली आले. वरून गाड्या जाण्याचे आवाज येत होते. आईने मान वर करून विचारलं, "वर कोण चालवतंय गं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "काकू बसल्यात."